वाघनखं, पेटी आणि शब्दप्रमाण

वारसा-विवेचकाच्या कामाची चिकित्सा करायला आज आपण एकच वस्तू घेऊ. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आलेली वाघनखं. एक पक्ष म्हणतो हीच ती, दुसरा म्हणतो ही ती नव्हेतच. आम्हाला त्या वादात रस नाही. म्हणजे आहे, पण आज नाही. आज एवढंच विचारू, की हे ज्ञान येतं कुठून?

प्रत्यक्षाने काय कळतं? पोलाद, नख्या, बोटांत घालायच्या कड्या. बस्स. शिवाजी महाराज त्यात कुठेही दिसत नाहीत. त्यांच्याशी संबंध जोडतो तो शब्द, आणि तो सोबतच्या पेटीवर कोरलेला आहे. आशय असा: ज्याने शिवाजीने मुघल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, आणि पेशव्याच्या पंतप्रधानाने ते साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना दिलं.

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं खरं, पण बोलणारा आप्त असला तर. त्याला विषय ठाऊक हवा. हा पेटीवाला तर सुरुवातीलाच अफझलखानाला मुघल करून टाकतो! १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला तो आदिलशाहीचा सरदार, हे आपल्याकडे चौथीतलं पोरही सांगेल. शिवाय पेशवा हाच मुळी पंतप्रधान, त्याचा आणखी पंतप्रधान कोण? (कारभारी म्हणायचं असेल, बहुधा.) ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. तो माणूस असा मजकूर स्वतः लिहील, हे पटत नाही.

पण थांबा. लेख चुकला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. साक्षीदार अडखळला म्हणजे घटना घडलीच नाही असं थोडंच आहे? त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही, इतकंच. अफझलखानाला मारलं ती हीच नखं, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालयही म्हणतं.

मग विवेचक काय करतो? ‘असं मानलं जातं’ लिहून मोकळा होतो. आम्हाला हे वाक्य सगळ्यांत अप्रामाणिक वाटतं. कोण मानतं? कशावरून? फ्रीमन टिल्डनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं, की नुसती माहिती म्हणजे विवेचन नव्हे, पण माहितीवाचून विवेचन होत नाही. आपल्याकडे पहिला अर्धा भाग उचलला: अंगावर काटा आला पाहिजे! दुसरा राहिला.

लोकांच्या भावना दुखावतील, असं यावर सांगतात. अहो, लांबून आलेला जो माणूस काचेपुढे हात जोडतो, तो काय पोलादाला नमस्कार करतो? प्रतापगडाखाली जे घडलं त्याला या नखांचा आधार लागत नाही. ती उद्या दुसऱ्याच कुणाची निघाली तरी १६५९ जागेवरच राहील. भीती आहे ती विवेचकाची.

आमचं म्हणणं साधं आहे. पेटीवरचा मजकूर मराठीत मोठ्या अक्षरांत नखांशेजारी लावा, आणि खाली लिहा: यात चुका आहेत, शोधा. मुलं शोधतील, आणि सोबतच्या मोठ्यांना सांगतीलही.