स्वयंव्यवस्थापित कार्यगटांतील नेतृत्वमापन : सर्वनामाची एक अडचण

ज्या कार्यगटावर मुकादम नाही, कामाची वाटणी आणि गती ज्याची तोच ठरवितो, तेथे मोजावयाचे ते नेतृत्व कोणाचे? चार्ल्स मान्झ व हेन्री सिम्स यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्याविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते गटाबाहेरील नेत्याचे मानले आहे. त्यांच्या प्रश्नावलीत गटाच्या ठिकाणी आत्मनिरीक्षण व मूल्यमापन, उद्दिष्टनिश्चिती, अपेक्षा, पूर्वतालीम, आत्मटीका आणि स्वतःस शाबासकी या सहा गोष्टींना नेता कितपत उत्तेजन देतो, हे कामगारांनी सांगावयाचे असते. नेता गटाला स्वतःचे शासन करावयास लावतो, ही कल्पना मार्मिक आहे यात शंका नाही.

अडचण आहे ती विधानांच्या घडणीत. साचा साधारणतः एकच : नेता कर्ता, उत्तेजन देणे ही क्रिया, आणि तिचा विषय 'आम्ही'. कोहेन, चँग व लेडफर्ड यांनी १९९७ मध्ये हे सहाही घटक एका उच्चतर घटकाखाली मांडून दाखविले. ही एकात्मता नेत्याच्या वर्तनात आहे की सहा वेळा त्याच साच्यातून बोलणाऱ्या वाक्यांत, हे केवळ घटक-विश्लेषणाने उलगडणारे नव्हे.

मराठीत अशी प्रश्नावली आणू पाहणाऱ्यापुढे तर प्रश्न अधिकच उघडा पडतो. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनास ऐकणारा त्यात आहे की नाही हे सांगावे लागत नाही. मराठीस सांगावे लागते. 'आम्हांला' म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपल्याला' म्हटले की तो आत आला. म्हणजे 'आम्ही'त कोण, हा सिद्धान्ताने सोडवावयाचा प्रश्न काही अंशी भाषांतरकारानेच निकालात काढला! शिवाय 'तो आपल्याला आपले काम तपासावयास सांगतो' या वाक्यात काम कोणाचे? त्याचे, प्रत्येकाचे की गटाचे? तिन्ही अर्थ व्याकरणास मान्य आहेत.

कार्सन, टेस्लक व मॅरोन यांनी २००७ मध्ये ५९ सल्लागार गटांचा अभ्यास करताना निराळी वाट धरली. गट नेतृत्वासाठी प्रत्येक सदस्यावर कितपत विसंबतो, हे इतरांनी सांगावयाचे आणि त्या उत्तरांवरून संबंधजालाची घनता काढावयाची. येथे 'आम्ही'ची अडचण बरीचशी टळते, हा मोठाच लाभ होय. परंतु 'नेतृत्व' या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम उत्तरकर्त्यावर पडते, आणि कारखान्यातील मराठी कामगाराच्या मनात त्या शब्दाबरोबर पुढारी उभा राहण्याचा संभव आहे.

सर्वांत बिकट ठिकाण शाबासकीचे. मान्झ-सिम्स यांच्या निष्कर्षांत आत्मनिरीक्षण व मूल्यमापन यांच्या जोडीने जे वर्तन सर्वाधिक महत्त्वाचे ठरले, ते हेच. मराठीत मात्र शाबासकी वरच्याने द्यावयाची असते. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेणे हा उपहासाचा विषय आहे. अशा विधानापुढे कामगाराने 'नाही' अशी खूण केली, तर ती नेत्याच्या वर्तनाविषयी की त्या वाक्प्रचाराविषयी, हे गुण मांडणाऱ्यास कळावयाचे नाही.