होकार नसलेल्या बायका

आशुतोष केळकर गेला त्या रात्री मावशीनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "एवढं मार्गी लागलं होतं गं तिचं. कुणाच्या डोळ्यांत खुपलं?" मावशी पंचाहत्तरीची. 'आई कुठे काय करते' तिनं पहिल्या भागापासून बघितलेली, अरुंधतीच्या घटस्फोटावरून शेजारणींशी भांडलेली. पाच वर्षं चालून मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. तिच्यावर लिहायचं ते बहुतेकांनी लिहून टाकलं. मला मात्र मावशीचा प्रश्न सोडत नाही.

आठवून बघा. बंगाली 'श्रीमयी'वरून आलेल्या या गोष्टीत पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळतं आणि ती हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहते. मधुराणी प्रभुलकरनं हे उभं राहणं घाई न करता, पायरीपायरीनं दाखवलं. मालिकेनंही अरुंधतीला हात आखडता न घेता दिलं: घटस्फोटाचं धैर्य, गाणं, पोरांसमोर खणखणीत बोलण्याची हिंमत. मग तिनं कॉलेजातल्या मित्राशी, आशुतोषशी लग्न केलं. आणि मालिकेनं त्याला अपघातात मारून टाकलं. कथानकाची गरज होती म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अरुंधती 'नाही' म्हणत होती तोवर मालिका तिच्या पाठीशी होती. ती 'हो' म्हणाली, आणि तिचं पुढं काय करायचं हे मालिकेला कळेना.

मराठी मालिकांमधल्या स्त्रीचा प्रवास मला या एका जागी येऊन अडलेला दिसतो. आपल्या छोट्या पडद्यानं बाईला नकार शिकवला, आणि तो मोठ्या मायेनं शिकवला. होकार मात्र कधी शिकवला नाही.

दूरदर्शनचा काळ मी लवकर आटपते, कारण त्याच्यावर गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत. १९८५ मधली हिंदी 'रजनी' आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरची सह्याद्रीवरची 'दामिनी' या एकाच कुळातल्या. प्रिया तेंडुलकरनं गॅसवाल्याला नि सरकारी बाबूला जाब विचारला, प्रतीक्षा लोणकरच्या पत्रकार दामिनीनं सत्तेला. हा रस्त्यावरचा, कचेरीतला नकार होता. घरी परतल्यावर या बायकांना काय हवं असायचं हे त्या काळानं विचारलं नाही. ठीक आहे. प्रत्येक काळानं सगळं विचारावं असा माझा हट्ट नाही.

माझा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि 'प्रपंच' नि 'आभाळमाया' घरात आल्या. प्रतिमा कुलकर्णींच्या 'प्रपंच'मधली माणसं घरात बोलावं तशी बोलायची. वाक्य अर्धवट सोडायची, विषय बदलायची, रुसायची. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेली 'आभाळमाया' त्याहून पुढं गेली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापिका होती, दोन मुलींची आई होती, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्यावरही तिचं स्वतःचं आयुष्य थांबलं नाही. मनोज जोशींच्या शरदला मालिकेनं राक्षस केलं नाही, यातच तिचं मोठेपण होतं. तो दुबळा होता, मोहात पडला होता, आणि सुधाला तो अजून थोडासा आवडत होता. हे 'आवडणं' मला आज कुठे सापडत नाही. दुखावलेल्या बाईला त्याच पुरुषाची ओढही असू शकते, रात्री एकटं झोपणं जड जाऊ शकतं, हे सुकन्याताईंच्या नुसत्या बसण्यातून कळायचं. तेव्हा कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबायचा. एका वाक्यावर तीन जणांचे चेहरे ढोल वाजवत तीनदा दाखवण्याची पद्धत आली नव्हती. इच्छा दाखवायला वेळ लागतो. धक्का दाखवायला दीड सेकंद पुरतो. पडद्यावरून इच्छा गेली त्याचं एक कारण मला या कापाकापीच्या तंत्रात दिसतं.

पुढं 'चार दिवस सासूचे' आली, २००१ ते २०१३ अशी बारा वर्षं आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. सहनशीलतेला तिनं सद्गुणाचं अंतिम रूप दिलं. तिच्यानंतरच्या कौटुंबिक कारस्थानांच्या मालिकांवर मी एक ओळही जास्त खर्च करणार नाही.

'माझ्या नवऱ्याची बायको' मात्र टाळता येत नाही, कारण नकाराचा विजय असा ढोल-ताशांत याआधी कुणी साजरा केला नव्हता. अनिता दातेची राधिका नागपूरकडची, तिची बोली अस्सल, तिचा मसाल्याचा धंदा फोफावला आणि नवरा गुरुनाथ पाहत राहिला. घराघरांतल्या बायकांना त्यातून बळ मिळालं, ते मी नाकारत नाही. पण त्याची प्रेयसी शनाया कशी रंगवली ते बघा. तोकडे कपडे, आळस, खरेदीची हौस, स्वयंपाक न येणं या सगळ्याची मोळी बांधून मालिकेनं तिला वाईट ठरवलं. म्हणजे शरीर असलेली बाई ती शनाया, आणि काम करणारी बाई ती राधिका. एका बाईला शरीरही असतं आणि कामही असतं, ही साधी शक्यता साडेचार वर्षांत मालिकेला सुचली नाही.

ज्या एका बाईनं अलीकडच्या काळात पडद्यावर उघड, तोंडभरून 'हो' म्हटलं ती शेवंता. 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरनं तिला असं उभं केलं की अण्णा नाईकांसारख्या क्रूर माणसाच्या मागं ती का जाते हे आपल्याला पटलं. तिच्या हसण्यात अपराधीपणा नव्हता. अख्ख्या महाराष्ट्रानं तिच्यावर प्रेम केलं. तिचं शेवटी काय झालं? भूत. तिसऱ्या पर्वात ती भूत होऊनच परतली. भयकथेत भुतं असायचीच, मान्य. पण इच्छा असलेल्या बाईला राहायला मालिकेत एवढीच जागा असेल, तर ही गोष्ट फक्त भयकथेची राहत नाही.

'अग्गंबाई सासूबाई' आली तेव्हा मला खरोखर आशा वाटली होती. निवेदिता सराफ यांची आसावरी विधवा, मुलाच्या धाकात जगणारी, आणि गिरीश ओक यांचे अभिजीत राजे तिच्या प्रेमात पडलेले. सुनेनं सासूचं लग्न लावून द्यायचं ही कल्पना मराठी घरात शिरली, लोकांनी डोक्यावर घेतली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला, त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. तरी या मालिकेतही होकार आसावरीच्या तोंडी आला नाही. तो सुनेनं, शुभ्रानं ओळखला, शुभ्रानं मांडला, शुभ्रानं लढवला. तेजश्री प्रधाननं ते गोड केलं, पण मला आसावरीच्या तोंडून ऐकायचं होतं. साठीच्या आसपासच्या बाईनं 'मला हे हवंय' असं कुणाच्या आडोशाशिवाय म्हणावं, एवढंच.

आता कराराच्या लग्नाकडे येते, कारण मला लिहायला बसवलं ते खरं तर त्यानं. २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना आणि राधा यांनी करार करून लग्न केलं. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्या खेळकरपणामुळे ती कल्पना ताजी वाटली. त्या यशानंतर तिचा साचा झाला. आज 'ठरलं तर मग'मधले सायली आणि अर्जुनसुद्धा करारानंच नवरा-बायको झालेले आहेत. या प्रकारात मंगळसूत्र असतं, सासर असतं, एक खोली असते आणि त्या खोलीत कुणीतरी जमिनीवर नाहीतर सोफ्यावर झोपतं. महिनोन् महिने. मावशीनं एकदा अगदी सरळ विचारलं, "एका खोलीत दोघं, तरणीताठी. ह्याला काही वाटत नाही नि तिलाही काही वाटत नाही? आजारी आहेत का?"

मावशी विचारते ते समीक्षकांनी कधीच विचारायला हवं होतं. या मालिकांत नायकाचा चांगुलपणा कशानं ठरतो? तो तिला हात लावत नाही यानं. ज्या देशात नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आजही कायद्याच्या लेखी बलात्कार नाही, त्या देशात हात न लावणारा नवरा हे आदर्श चित्र आहे, आणि त्याचं मोल मला कळतं. पण ते चित्र अर्ध्यावर थांबतं. त्यानं मागितलं नाही, म्हणून तिला नकार द्यावा लागला नाही. आणि तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून तिला होकारही द्यावा लागला नाही. त्याचा संयम तिच्या संमतीच्या जागेवर जाऊन बसला. संमती म्हणजे पुरुषानं स्वतःला आवरणं, असं लाखो घरांत रोज संध्याकाळी शिकवलं जातंय. संमती म्हणजे बाईनं बोलणं. ती बोलतच नाही. ती पाय घसरून त्याच्या मिठीत पडते, पावसात भिजते, आजारी पडते, आणि इच्छा अपघातासारखी तिच्या अंगावर येते.

पाचशे मैल लांब जायला नको, आपल्याच भाषेत वेगळं घडून गेलंय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्याच वर्षी रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर'मधली चंपा उभी राहिली. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, स्त्रीच्या कामसुखाबद्दल लिहिलं, खटले अंगावर घेतले, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. जयवंत दळवींच्या 'अधांतरी'वर मालिका झाली, ती १९९६ मध्ये, 'हसरतें' नावानं, हिंदीत. लग्न झालेल्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या, त्याला हवंसं मानणाऱ्या बाईची कादंबरी मराठीत लिहिली गेली आणि पडद्यावर जायला तिला भाषा बदलावी लागली. आपल्याकडे साहित्य होतं, वाचक होते. वाहिन्यांनी ते उचललं नाही.

वेबवर थोडं हललंय. वरुण नार्वेकरच्या 'आणि काय हवं'मधले जुई आणि साकेत नवरा-बायको आहेत आणि एकमेकांना सहज हात लावतात. प्रिया बापट आणि उमेश कामत यांनी त्या स्पर्शाला जे रोजचेपण दिलं त्यासाठी मी दहा कराराची लग्नं ओवाळून टाकीन. पण वेब हे फोनवर एकट्यानं बघायचं. साडेसात ते दहा दिवाणखान्यात बसून सगळ्यांनी मिळून जे बघायचं, तिथली हवा बदललेली नाही.

आणि पुरुष-स्त्रीच्या चौकटीबाहेर? 'कारभारी लयभारी'मध्ये प्रणित हाटेनं गंगा साकारली, तृतीयपंथी कलाकारानं तृतीयपंथी व्यक्ती, आणि ती भूमिका माणसासारखी लिहिली होती. एक. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत पुण्याच्या, त्यांच्यावरची 'ताली' केली रवी जाधवनं, लिहिली क्षितिज पटवर्धननं, आणि ती हिंदीत. आपल्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष हशा मिळवायला येतो. ज्या समाजातल्या बायकांनी बालगंधर्वांची साडी नि चाल पाहून आपलं वागणं घडवलं, त्याच समाजात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. त्यानंतर संध्याकाळच्या घरगुती मालिकेत अशा प्रेमाची नायक-नायिका मी तरी पाहिलेली नाही.

"प्रेक्षक तयार नाही," असं उत्तर येतं. 'सावित्रीजोती' प्रेक्षकांअभावी २०२० मध्ये आटोपती घ्यावी लागली, हे मला माहीत आहे आणि ते मला दुखतं. पण मग आसावरीचं लग्न कुणी पाहिलं? शेवंतावर जीव कुणी टाकला? आशुतोष गेला तेव्हा टीव्ही कुणी बंद केला? दर आठवड्याच्या आकड्यांतून एवढंच कळतं की जे दाखवलं त्यातलं किती पाहिलं गेलं. न दाखवलेल्याचा आकडा कुणाकडेच नसतो. तरी दाखवलेल्याच्या आकड्यांच्या जोरावर प्रेक्षकाच्या बुद्धीबद्दल निकाल दिले जातात. माझ्या मावशीच्या बुद्धीबद्दल. हे मी ऐकून घेणार नाही.

पडद्यानं जे दाखवलं नाही ते रंगभूमीनं दाखवलं होतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आलं. मित्रा नावाच्या मुलीचं प्रेम एका मुलीवर, आणि नाटकभर ती त्या प्रेमाची माफी मागत नाही. तेंडुलकरांनीही तिला शेवटी मारलं, हे कुणी मला ऐकवेल. हो, मारलं. पण तिला काय हवंय हे तिच्याच तोंडून, पहिल्यापासून ऐकवलं आणि मग मारलं. ते नाटक विनय आपटे यांनी बसवलं होतं, ज्यांनी पुढे 'आभाळमाया' केली. मित्रा होत्या रोहिणी हट्टंगडी. त्याच रोहिणीताई पुढे टीव्हीवर बारा वर्षं 'चार दिवस सासूचे'मधल्या आशा देशमुख झाल्या, मग 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या आईआजी. एवढ्या ताकदीच्या नटीला छोट्या पडद्यानं सासू आणि आजी केलं.

मध्यंतरी मावशीला मी हे सांगत होते. आईआजी म्हणजे एकेकाळची मित्रा, तुला ठाऊक नसेल, असं म्हणाले. तिनं चष्मा काढला.

"बघितलंय मी ते. तुझ्या काकांबरोबर. घरी येईस्तोवर दोघंही गप्प होतो. मग कितीतरी वेळ बोलत बसलो."