वारसा आणि पुनर्वापर

संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवणारी पुस्तके ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारसा या प्रकरणाशी आली की एक ठरलेले उदाहरण देतात. प्राणी हा मूळ क्लास, कुत्रा आणि मांजर हे त्याचे वारस. प्राणी खातो म्हणून कुत्राही खातो. खाण्याची कृती पुन्हा लिहावी लागत नाही. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूची माहिती आणि त्या माहितीवर करायच्या कृती यांचे एकत्र गाठोडे. (त्याला ‘वर्ग’ म्हणावे तर आपल्या वाचकांना बाके आणि फळा आठवणार, म्हणून क्लासच बरा.) बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस भाषेच्या निमित्ताने हे प्रकरण आपल्याकडे वर्षानुवर्षे शिकवले गेले. उदाहरण चुकीचे नाही. आमचा आक्षेप आहे तो विद्यार्थी त्यातून जो अर्थ काढतो त्याला: एकच कृती दोन क्लासना लागली की दोघांना एक समाईक पूर्वज शोधून द्यायचा. मोबाईलचे ॲप लिहिताना ही समजूत महाग पडते.

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरच्या एखाद्या शाळेसाठी काही विद्यार्थी अँड्रॉइड फोनवर चालणारे ॲप लिहीत आहेत असे समजू. एका पडद्यावर दाखलखारीज नोंदवहीतला क्रमांक भरायचा, दुसऱ्यावर हजेरी, तिसऱ्यावर शालेय पोषण आहाराचा तांदूळ किती किलो शिजला ते. भरणारी व्यक्ती कधी मराठी अंक टंकणार, कधी इंग्रजी. आपल्या दृष्टीने दोन्ही एकच. यंत्राच्या दृष्टीने नाही. युनिकोड या संकेतपद्धतीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे, देवनागरी शून्याचा २४०६. फरक २३५८. २४०६ ते २४१५ या क्रमांकांतून तेवढे वजा केले की मराठी अंकाचा इंग्रजी अंक होतो. चार-पाच ओळींची कृती.

ती नसेल तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. मजकुरातून पूर्णांक काढण्याची जावा भाषेतली तयार सोय देवनागरी ‘२५’ बिनतक्रार स्वीकारते. पण फक्त इंग्रजी शून्य ते नऊच चालतील अशी तपासणी आधी लिहिलेली असेल, तर तेच ‘२५’ ती नाकारते. नोंदवहीचा क्रमांक मजकूर म्हणून मराठी अंकांत साठवला आणि इंग्रजी अंकांत शोधला, तर तो सापडत नाही; मग एकाच मुलीची दोनदा नोंद होते. याहून फसवी गोष्ट पुढे आहे. फोनची भाषा मराठी असेल, तर संख्येपासून मजकूर बनवणारी जावाची नेहमीची सोय आपण होऊन देवनागरी अंक देऊ शकते. भरणाऱ्याने इंग्रजी अंक दिलेले असतात, साठतात मराठी! ॲप लिहिणाऱ्याच्या फोनची भाषा बहुधा इंग्रजी असते, त्यामुळे त्याला हा दोष दिसतच नाही.

तेव्हा अंक बदलण्याची कृती तिन्ही पडद्यांना लागणार. तिच्या तीन नकला केल्या तर एकीतली दुरुस्ती उरलेल्या दोघींपर्यंत पोचत नाही, हे सांगायला नको. पुस्तक वाचलेला विद्यार्थी ‘मूळपडदा’ नावाचा क्लास काढतो, कृती त्यात ठेवतो आणि तिन्ही पडद्यांना त्याचे वारस करतो. आठवडाभर सगळे छान चालते. पण जावात क्लासला एकच थेट पूर्वज घेता येतो. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात यादी दाखवण्यासाठी ‘लिस्टॲक्टिव्हिटी’ हा तयार पडदा होता. त्याचा वारस झालेला पडदा थेट ‘मूळपडद्या’चाही वारस होऊ शकत नसे. शिवाय महिन्याचा अहवाल पडद्यामागे तयार होतो. त्यालाही अंक बदलून हवेत, आणि तो तर पडदाच नाही. त्याला पडद्याचा वारस करणे म्हणजे भाकरी हवी म्हणून शेजारच्या घरात दत्तक जाणे होय.

अंकांचा पडद्याशी काही संबंध नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे. ‘अंक’ नावाचा वेगळा क्लास करावा, त्यात ही एक स्थिर कृती ठेवावी, ज्याला हवी त्याने तिला हाक मारावी. फोन न जोडताही ती तपासता येते. मात्र याच वाटेने पुढे ‘युटिल्स’ नावाची अडगळीची खोलीही तयार होते, जिच्यात तारीख, अंक, रंग, इंटरनेट सारे कोंबलेले असते. तिथल्या एखाद्या स्थिर चलात कोणी चालू पडदाच ठेवून दिला, तर तो बंद केल्यावरही स्मृतीतली जागा सोडत नाही.

गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेला अधिकृत पाठिंबा दिला. तिच्यात ‘एक्स्टेन्शन फंक्शन’ आहे: कृती क्लासबाहेर लिहायची, पण ती मजकुराच्या क्लासची स्वतःचीच असावी तशी वापरायची. वाचायला फार सोयीचे. परंतु ‘यामुळे मूळ क्लासमध्ये नवी कृती घालता येते’ असे शिकवले जाते, ते बरोबर नाही. क्लास होता तसाच राहतो. भाषांतरानंतर ती एक साधी स्थिर कृती असते, आणि मूळ क्लासची खाजगी माहिती तिला दिसत नाही. म्हणजे आपला ‘अंक’ क्लासच, फक्त बोलण्याची ढब निराळी.

इतिहासही हेच दाखवतो. केंब्रिजचा एडसॅक संगणक १९४९ साली चालू झाला. त्याच्यासाठी तयार उपकृती छिद्रांच्या कागदी फितींवर संग्रही ठेवलेल्या असत आणि हवी ती फीत उतरवून घेतली जाई. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी त्यावर १९५१ मध्ये पुस्तकच लिहिले. क्लास आणि वारसा आले ते डाल आणि निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत. पुनर्वापर वारशाहून दीड तपाने जुना आहे. तरी पुस्तके त्याची ओळख वारशाच्या प्रकरणात करून देतात. गॅमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तर १९९४ सालीच सांगितले की वारशापेक्षा वस्तू एकमेकींना जोडण्याला पसंती द्यावी.

शिक्षकांनी प्राण्यांऐवजी हेच अंकांचे उदाहरण देऊन पाहावे. बंगाली शून्याचा क्रमांक २५३४, गुजरातीचा २७९०. तेही अंक चालले पाहिजेत असे सांगावे, आणि आज्ञावलीत किती ठिकाणी हात लावावा लागला ते मुलांना मोजू द्यावे. तपासताना फोनची भाषा मात्र मराठी ठेवावी.