‘जॉर्ज डेडलो’ आणि समदुःखी मंडळी

अमेरिकेंतील ‘अटलांटिक मंथली’ मासिकाच्या जुलै १८६६ च्या अंकांत ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही कथा निनांवी प्रसिद्ध झाली. तिचे लेखक डॉ. सायलस वेअर मिचेल हे मज्जाविकारांचे निष्णात वैद्य. यादवी युद्धांतील जखमी सैनिकांवर त्यांनीं फिलाडेल्फियांत उपचार केले होते. कथानायकही वैद्यच, तो दोन्ही हात व दोन्ही पाय गमावतो. हें कथन इतकें प्रत्ययकारी उतरलें कीं, कित्येक वाचकांनीं तें खरें मानून ह्या कल्पित अभाग्यासाठीं वर्गणी गोळा केली!

तथापि कथेचें मर्म आमच्या मतें निराळेंच आहे. डेडलोला नसलेल्या अवयवांच्या वेदना जाणवतात. पुढें तर शरीराबरोबर आपलें ‘मी’पणही झिजत चाललें आहे, ह्या भयानें तो ग्रासला जातो. स्टंप हॉस्पिटलांत त्याला त्याच्यासारखेच छिन्नावयव सैनिक भेटतात. गेलेल्या अवयवाचा भास त्यांनाही होतो, असें विचारपूस करतां त्यास कळतें. मिचेल ह्यांनीं १८७१ मध्यें ज्याला ‘फँटम लिंब’ हें नांव दिलें, तोच हा भास. आपल्याला वेड लागलेलें नाहीं, हा दिलासा समदुःखी माणूस जितका देऊं शकतो, तितका धडधाकट वैद्य देऊं शकत नाहीं. परंतु लेखक ह्या सोबत्यांकडून केवळ माहिती घेतो आणि त्यांस रजा देतो. त्यांतील कोणाचेंही चित्र आपल्या मनावर उमटत नाहीं.

शेवटीं नायक प्रेतविद्येच्या बैठकीस जातो. संग्रहालयांत मद्यार्कांत ठेवलेले त्याचे पाय तेथें अवतरतात. त्या अदृश्य पायांवर तो चार पावलें टाकतो आणि कोसळतो. उपहास म्हणून हा प्रसंग खुमासदार आहे. पण ज्या प्रश्नानें आपलें काळीज हललें, त्याला हें उत्तर नव्हे, ही पळवाट आहे.

आज नव्या छिन्नावयवास त्याच वाटेनें पूर्वीं गेलेल्यांच्या मंडळींत बसवून धीर देण्याची पद्धत रूढ आहे. अशानें दुःख दुणावेल ही शंका सर्वस्वी निराधार नाहीं. बोलणें कोणावरही लादूं नये. परंतु कृत्रिम पायाचा पट्टा कोठें काचतो, लोकांच्या रोखलेल्या नजरेस कसें तोंड द्यावें, हें ज्यानें भोगलें त्यालाच सांगतां येतें. मिचेल ह्यांच्या कथेंत अशी मंडळी जमलेलीच होती. तिला बोलतें करणें तेवढें राहिलें. आणि कथेंतील खरी उणीव हीच होय.