हार्डिन यांच्या कुरणातली मुकी माणसे

नैसर्गिक साधनसंपत्तीची चर्चा कधी ना कधी गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या लेखापाशी येते. सामाईक मालमत्तेची शोकांतिका, अशा अर्थाच्या शीर्षकाचा हा लेख डिसेंबर १९६८ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात आला. त्याचा मुख्य विषय लोकसंख्यावाढ; पण वाचकांच्या लक्षात राहिले ते त्यातले कुरण.

कुरण सर्वांचे आहे. समजा, दहा गुराख्यांपैकी एकाने आणखी एक गाय चरायला सोडली. तिचे सगळे दूध त्याचे. चारा कमी झाल्याचा तोटा मात्र दहा जणांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण गाई वाढवतो आणि अखेर कुरण उजाड होते. वर्गात फळ्यावर मांडावे असे हे गणित आहे, आणि ते बरोबर आहे. आमचा आक्षेप आहे तो गृहीतकाला. या कुरणात कोणी कोणाशी बोलत नाही, नियम करत नाही, शेजाऱ्याच्या गाई मोजत नाही.

खरी गावे अशी मुकी नसतात. स्वित्झर्लंडमधील ट्यॉर्बेल गावात १५१७ सालीच नियम होता: हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच सामाईक कुरणात पाठवाव्या. अशा अनेक व्यवस्था एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात तपासल्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे धुळे भागातील पांझरेवरची फड पद्धत याच जातीची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे. कोणत्या फडात काय पिकवायचे, हे लाभधारकांनी मिळून ठरवायचे.

हार्डिन यांच्यावर अन्याय नको. परस्परसंमतीने घातलेले निर्बंध हा उपाय त्यांनीच सुचवला होता. परंतु लेखाच्या प्रसिद्धीत तो मागे पडला आणि दोनच पर्याय उरले: खाजगी मालकी किंवा सरकारी ताबा.

यातला पहिला पर्याय भूजलाला लावून पाहू. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मानला. म्हणजे मालकी होतीच. तरीही विहिरी आटल्या, बोअर खोल गेले. कारण बांध जमिनीला असतो, खालच्या पाण्याला नसतो. माझ्या शेतात उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या शेताखालूनही येते. इथे हार्डिन यांचे गणित तंतोतंत लागू पडते, त्यांच्या नावावर खपणारा उपाय मात्र पडत नाही. महाराष्ट्रात २००९ चा भूजल कायदा आहे. तो उपयोगी आहे. पण गावात विहिरींची पातळी मोजणारे आणि त्यावरून पीक ठरवणारे कोणी नसेल, तर तो कागदावरच राहील.

हा लेख शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. तो अर्ध्यावर सोडू नये. माणूस लोभी आहे, म्हणून कुरण संपणारच, एवढेच शिकून विद्यार्थी घरी गेला, तर आपल्या गावच्या पाण्याबद्दल तो प्रयत्नच करणार नाही. म्हणून गणित सुटल्यावर पुढचा प्रश्न विचारावा: या दहा जणांनी कोणता नियम करावा, गाई कोणी मोजाव्या, आणि नियम मोडणाऱ्याला दंड काय?