अडतीस अस्त्रांचा हिशेब

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे दर पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तीपूर्वी मेस्राम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी निघतात आणि पायीच परततात. ते पाणी आल्यावाचून पूजा नाही. दूरचित्रवाणीवरील अवकाशकथांविषयी लिहिण्यास बसलो असता आम्हांस प्रथम ही वाट आठवली, याचे वाचकांनी नवल मानू नये. अंतर, श्रम आणि झीज हीच त्या कथांत उणी असतात.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ ही अमेरिकन मालिका १९९५ पासून २००१ पर्यंत चालली. कल्पना मोठी होती. एक यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. परतीस पाऊणशे वर्षे लागावयाची, वाटेत ना गोदी, ना रसदीचे ठाणे. आरंभीच्या एका भागात सांगितले जाते, की जवळ ३८ अस्त्रे आहेत आणि ती संपली म्हणजे संपली. आम्ही सरसावून बसलो. पुढे अडतिसांहून कितीतरी अधिक अस्त्रे सुटली आणि त्यांचा जाब कोणी कोणास विचारला नाही. गेल्या आठवड्यात होरपळलेले यान या आठवड्यात दिवाळीच्या घरासारखे रंगवून उभे! भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखविता यावेत, ही व्यापाराची सोय यामागे असते हे आम्ही जाणतो. पण सोय म्हणजे कथा नव्हे. १९९७ च्या एका जोडभागात लेखकांनी यानाची खरोखरच वाताहत केली. माणसे दगावली, सुरक्षाधिकारी अंध झाला. आणि अखेरीस काळाचे चाक उलटे फिरवून सारे पुसून टाकले; काय सोसले हे आठवावयासही कोणी उरले नाही.

आमच्याकडे १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण यांच्या पोशाखापलीकडे तिच्यातील जग आम्हांस आठवत नाही. मराठी वाचकाची अपेक्षा याहून मोठी असावी. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी चुकते, एवढाच बदल. पण त्यापायी मुंबईवरील सत्ता, रेल्वेगाड्या, रस्त्यांवरील दुकाने, सारेच निराळे होते.

रोनाल्ड मूर हे लेखक १९९९ साली थोडाच काळ ‘व्हॉयेजर’वर होते. पुढे २००४ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त वाचलेल्या माणसांचा आकडाच पडद्यावर येतो: सुमारे ५० हजार, आणि मग बहुधा घटणारा. एक मूल जन्मते, तर राष्ट्राध्यक्षा स्वतः फळ्यावरील आकडा एकाने वाढविते.

आकड्याचे मोल इंद्रवेल्लीस कोणी सांगावयास नको. २० एप्रिल १९८१ रोजी तेथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारने मृत १३ सांगितले. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात, आणि तो वाद चार दशकांनंतरही मिटलेला नाही. स्मारकाचा स्तूप एकदा उद्ध्वस्त झाला, पुन्हा बांधला गेला. ज्या गावात गोळी इतकी वर्षे पुरते, तेथील प्रेक्षकापुढे पुढच्या गुरुवारी काहीच न घडलेले जग कोणत्या तोंडाने ठेवावे?

‘व्हॉयेजर’चे १९९७ चे ते दोन भाग मात्र वाचकांनी अवश्य पाहावेत, शेवटची काही मिनिटे उरली, की संच बंद करावा.