‘पेशवेकालीन’ म्हणजे नेमकं कधी?

जुन्या कपड्यांचं प्रदर्शन असो की घरातली पेटी, कशिद्याची टोपी, जरीचा शेला, नक्षीची चंची दिसली की वर चिठ्ठी ठरलेली : ‘पेशवेकालीन’. सुप्याच्या घरांतून आलेल्या वस्तूंवरही तीच. या चिठ्ठीला माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला इतिहासाचा. सुपा सोंदे राज्याच्या मुलखातलं. १७६३-६४ च्या सुमारास हा मुलूख हैदरकडे गेला आणि टिपू पडल्यावर १७९९ मध्ये कंपनीकडे. पेशवाई बुडाली १८१८ साली. तेव्हा सुप्याची वस्तू पेशवेकालीन म्हणायची, तर ती पुण्याकडून इथे कशी आली तेही सांगायला हवं. चिठ्ठी त्याबद्दल गप्प.

दुसरा आक्षेप मालाचा. मी मूळचा इंजिनियर. माल कोणता आणि तो कधीपासून मिळू लागला, हे आधी बघतो. कृत्रिम रंग आले १८५६ नंतर. दोन धाग्यांनी भरतकाम करणारं शिफली यंत्र १८६३ चं. त्याच्या कामात मागच्या बाजूला वेगळा धागा शिस्तीत धावतो. हाताच्या कामात तोच धागा मागे आडवातिडवा जातो, गाठी दिसतात. व्हिस्कोज, म्हणजे आपलं ‘नकली रेशीम’, विसाव्या शतकातलं. जरीचं मात्र जपून. झिजलेल्या जागी भिंगातून लालसर तार दिसली तर ती तांब्याची, जरी नकली. पण त्यावरून अस्सलपणा कळतो, साल नाही.

नियम सोपा आहे : सगळ्यात नंतर आलेला घटक जेव्हाचा, त्याआधीची ती वस्तू असूच शकत नाही. अडचण दुरुस्तीची. अस्तर मागाहून बदललेलं असतं. म्हणून टाके बघा. कशिद्याचे टाके अस्तरातून आरपार गेले असतील, तर अस्तर कशिद्याच्या वेळी तिथे होतंच. अस्तर वेगळं शिवलेलं असेल आणि कडेला जुन्या सुईची रिकामी भोकं असतील, तर ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी. मग त्या अस्तरावरून टोपीचं वय काढू नये. आणि धागा जाळून बघायचा मोह, कृपा करून, आवरा.

कुणी म्हणेल, घरच्यांना अभिमान वाटतो, वाटू द्या की! पण जुनं सुपा काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं. बरीच माणसं रामनगरला आली, घरं मागे राहिली. ज्या घराच्या भिंती उरल्या नाहीत, तिथे पेटीतली टोपी हाच पुरावा. ती १९२० च्या आसपासची असेल, तर ती एखाद्या पणजोबांच्या लग्नाची, त्या काळच्या बाजाराची, हातात आलेल्या चार पैशांची साक्ष आहे. ‘पेशवेकालीन’ लिहिलं की पेशवा काही घरात येत नाही, पणजोबा मात्र जातात.

तेव्हा चिठ्ठीवर इतकंच लिहा : वस्तू काय, माल काय, कुणाच्या घरातून आली, कोण वापरायचं, आणि ‘अमुक सालाआधीची नाही’. सांगणारी आजी अजून घरात असेल, तर ते आजच लिहून घ्या.